खालच्या आळीचा व्हॉल्व्ह

नाव: जानराव. वय: पन्नाशीच्या पुढे. हुद्दा: ग्रामपंचायतीचा वॉलमन. अधिकारक्षेत्र: दोन व्हॉल्व्ह, एक वरच्या आळीचा, एक खालच्या आळीचा. ओळखचिन्ह: कमरेला खोचलेले दोन लोखंडी दांडे. व्हॉल्व्हचे दांडे नटासकट काढून जवळ बाळगायचे, ही गावोगावच्या वॉलमनची रीत. नाहीतर जो तो आपल्या आळीचं पाणी सोडून घेतो. सदर इसमाच्या मर्जीशिवाय गावात थेंब हलत नाही, असे प्रमाणित करण्यात येते.

जुने चक्रवाले व्हॉल्व्ह बदलायचे ठरले तेव्हा जानराव चिखलीला गफ्फारभाईच्या दुकानात गेला. चक्र फिरवण्यात त्याला रुबाब वाटत नव्हता. वीसदा घुमवा, मग कुठे पाणी. गफ्फारभाईने बॉल व्हॉल्व्ह पुढे केला.

"आत गोया हाय, त्याले आरपार भोक. दांडा पाइपासंग उभा केला का भोक समोर येते, पाणी चालू. आडवा केला का गोयाची पाठ येते, बंद. पाव फेऱ्यात खेळ खतम."

जानरावला हे फार आवडलं. हाताच्या एका झटक्यात अख्खी आळी कोरडी!

"पण मधात नोको ठेवू," गफ्फारभाई म्हणाला. "अर्धा उघडा ठेवला का पाणी धारेनं आतली रिंग कापते. मंग तो बंदच होत नाही. थोडं थोडं सोडाचं असन त ग्लोब व्हॉल्व्ह ने."

"मले नोको शिकवू बे."

वरच्या आळीत जानरावचं स्वतःचं घर. तिच्यासाठी त्याने पितळी, पूर्ण भोकाचा घेतला. खालच्या आळीसाठी प्लास्टिकचा, अरुंद भोकाचा. खालच्या आळीत सरस्वतीबाई राहायची. तिने एकदा त्याच्या जावयादेखत "ए वालमन" अशी हाक मारली होती. "जानरावभाऊ" म्हणायला तिच्या जिभेला काय झालं होतं, हा प्रश्न त्याने कधी तिला विचारला नाही. खालचा दांडा मात्र तेव्हापासून तिरपा करूनच तो काढून घेऊ लागला. पूर्ण बंद केला तर तक्रार होते. करंगळीएवढी धार आली तर तक्रार कशाची करणार?

चैतात सरस्वतीबाईचा नवरा रंगराव गेला. अंगणात प्रेत, नळाखाली बादली, बादलीत तळाशी वीतभर पाणी. त्यांची सून छाया धावत जानरावकडे आली.

"भाऊ, आज पुरं सोडा. मामंजीले आंघोय घालाची हाय."

जानराव टपरीवर चहा पीत होता. त्याने बशी खाली ठेवली नाही.

"मेलेल्या मानसाले काय घाई हाय?"

बाकावरची दोघं हसली. छाया परत गेली. रंगरावांना शेजारच्या मुबीनाच्या घरच्या, पिण्यासाठी भरून ठेवलेल्या हंड्यांनी आंघोळ घातली. जानरावने दुसरा चहा सांगितला.

वैशाखात वरच्या आळीची बोंब सुरू झाली. खालच्या व्हॉल्व्हची आतली रिंग धारेने कापली होती; तो बंद केला तरी पाणी गळत उताराला जाई, वर चढेना. मग गाळाने गोळा अडकला. जानरावने तो धुऊन काढायला आधी पूर्ण उघडला आणि मग बंद करताना दांड्यात पाइप घालून जोर लावला. गोळा फिरवणारी आतली प्लास्टिकची दांडी मुळातून तुटली, दांडा हातात आला. गोळा आत उघडाच राहिला.

खालच्या आळीत दिवसभर पाणी येऊ लागलं, वरची आळी कोरडी पडली. पोरं नळाखाली बसून अंगं धुऊ लागली. जानराव सरपंचांकडे गेला. सरपंच खालच्या आळीतच राहत. ते ओल्या अंगणात खाट टाकून बसले होते.

"बदलू ना, जानराव. काय घाई हाय?"

हे वाक्य कुठून आलं ते जानरावला कळलं.

वरच्या आळीतली माणसं उतार उतरून जिथे ओळख असेल तिथे पाणी भरू लागली. जानरावची बायको महामाया सगळ्यांत शेवटी उतरली. तिला कोणी दारात उभं करीना. ती सरस्वतीबाईच्या अंगणात गेली, जिथे रंगरावांचं प्रेत ठेवलं होतं तिथेच तिने हंडा टेकवला. सरस्वतीबाईने नळाची तोटी जराशीच फिरवली.

करंगळीएवढी धार हंड्यात पडू लागली.

"लय टाइम लागन वो, बाई," महामाया म्हणाली.

"हाव. बस ना. आमाले सवय हाय."

महामाया उन्हात बसली. मग सांजच्याला पुन्हा आली. आता रोज येते.

जानराव अजून दोन्ही दांडे कमरेला खोचून हिंडतो. त्याच्या घरी नळ आहे. त्याला पाणी येत नाही.