सूक्ष्मजीवांची किळस असलेले सर

"दोन दिवसांत उगवलं नाही, तर ते मेलेलं समजायचं." आमचे विभागप्रमुख हे जिवाणूंबद्दल म्हणायचे आणि विद्यार्थ्यांबद्दलही. म्हणताना एका हाताच्या दोन बोटांत जिवाणू वाढवायची प्लेट लांब धरलेली, दुसऱ्या हाताने नाकाला रुमाल.

पालघरच्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होतो, तेव्हाची गोष्ट. आपल्याच विषयाची किळस असलेला असा मास्तर तुम्हीही पाहिला असेल. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेले सर मला कधी दिसले नाहीत. बोईसरच्या कारखानदारांपुढे मात्र "आम्ही सूक्ष्मजीववाले" म्हणून छाती फुगायची.

वर्गात सातपाटीची रेश्मा होती. खारवलेल्या मासळीवर कधी गुलाबी थर चढतो आणि माल फुकट जातो. तिच्या आईचा कितीदा गेला होता. तो थर धरवणारे जीव वेगळे काढायचे, हा तिचा प्रकल्प.

"मिठात वाढणारे जीव सावकाश उगवतात, सर. आठवडे लागतात," तिने आधीच सांगितलं होतं.

तिसऱ्याच दिवशी सरांनी तिच्या सगळ्या प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने सगळे जीव मारणाऱ्या यंत्रात, टाकायला लावल्या. वर हसून म्हणाले, "अगं, इन्क्युबेटरला तुझ्या गावचा वास यायला लागला होता."

वर्गात कुणी हसलं नाही. सरांचं त्यावाचून अडलंही नाही.

रेश्माने घरून पुन्हा मासळी आणली. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी त्यांच्या इन्क्युबेटरचा खालचा कप्पा दिला. सत्र संपता संपता ती मला ओढतच तिकडे घेऊन गेली. "बघ, आले!" प्लेटवर टाचणीच्या टोकाएवढे गुलाबी ठिपके होते.

परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडम त्या प्लेटांपाशी थबकल्या. "छान काम आहे."

सर पुढे सरसावले. "माझं मार्गदर्शन, मॅडम. पहिल्या दिवसापासून."

"नाय, मॅडम." घाबरली की रेश्माच्या तोंडी घरची बोली यायची. "पयल्या प्लेटा सरांनी फेकल्या. या मी परत वाढवल्या."

सर क्षणभरही गडबडले नाहीत. "मुलांत चिकाटी यावी म्हणून मुद्दामच करतो मी तसं."

मॅडमनी रेश्माला भरभरून गुण दिले. सरांनी आपल्या हातातले अंतर्गत गुण कापले. पहिला नंबर गेला, पण मासळी टिकवण्यावरचं संशोधन तिने सोडलं नाही. आज तेच तिचं काम आहे.

सर गेल्या वर्षी निवृत्त झाले. मी आता तिथेच शिकवतो. त्यांच्या केबिनमधलं कुलूपबंद कपाट उघडलं, तर आत खोक्यासकट नवाकोरा सूक्ष्मदर्शक. आम्ही सगळे एका जुन्या सूक्ष्मदर्शकापुढे रांग लावायचो, तेव्हा मुलं खराब करतील म्हणून ठेवून दिलेला. खिडकीपाशी नेऊन पाहिला. भिंगावर बुरशीचं पांढरं जाळं पसरलं होतं.