परतीची रेघ

आमच्या टीव्ही मास्तरांनी चालू टीव्ही कधी पाहिलेलाच नव्हता. तरी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या त्यांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानावर ‘रेडिओ व टेलिव्हिजन वर्ग’ अशी पाटी होती आणि संध्याकाळी आतली बाकं भरलेली असत. सत्तरच्या दशकातली गोष्ट. पुण्यात टीव्ही दिसू लागला होता. सोलापुरापर्यंत चित्र काही पोहोचत नव्हतं. पण पुण्याला मेकॅनिक हवे आहेत ही बातमी पोहोचली होती, आणि माग सोडून दुसरं काही करावं असं वाटणारी पोरं मास्तरांकडे येत. मी नव्या पेठेतला साडीवाला, मला कुठं नोकरी हवी होती? डब्यातून माणूस बोलतो कसा, एवढ्या एका चौकशीपायी मी त्या बाकावर जाऊन बसलो.

मास्तर अक्कलकोटकडचे, बोलण्यात निम्मे कानडी. वयानं लहान असलेल्या कुणालाही ‘तम्मा’, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत. इंग्रजी शब्द आला की त्याला आधी सोलापुरात फिरवून आणल्याशिवाय पुढं जात नसत. “करंट पुस्तकात शोधू नका. दिवाळीच्या तोंडावर नव्या पेठेत जावा. माणसं सरकत्यात तो करंट, सरकू देत न्हाय ती गर्दी म्हणजे रेझिस्टन्स, आणि मागून ढकलणारं ते व्होल्टेज.” तेव्हापासून माझ्याच दुकानापुढची गर्दी मला वेगळी दिसू लागली.

रेडिओ बंद केला तरी कंडेन्सर आत वीज धरून ठेवतो आणि नंतर हात लावला की दणका देतो, हे सांगताना ते हळूच आतल्या खोलीकडं बघत. आतून बाईंचा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा, आवाज येई, “आणि डायोड म्हणजे तुमी. सगळं एकाच बाजूनं चालतंय. तुमचं मी ऐकायचं, माझं काय तिकडं जात न्हाय.” डायोड आम्हाला पुन्हा समजावून सांगावा लागला नाही.

टीव्हीचं मात्र अवघड होतं. दाखवायला हाताशी काहीच नाही. वर्गातली बहुतेक पोरं विणकरांच्या घरची, म्हणून मास्तरांनी माग निवडला. पडद्यावर चित्र एकदम उमटत नाही. आतला किरण एकेक आडवी रेघ ओढत खाली येतो, धोट्यानं एकेक धागा टाकत चादर विणावी तसा. धोटा जाताना धागा टाकतो तसा येतानाही टाकतो. किरणही तसाच, मास्तर म्हणाले. पोरांनी भराभर माना डोलावल्या. इतकं सोपं मास्तरांना कधीच गेलं नव्हतं.

अंबादास हा वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा. घरी तेलुगू बोलणारा, वडलांच्या मागावर बसणारा. पुण्याच्या एका टीव्हीच्या दुकानात तो मुलाखतीला गेला. तिथं विचारलं, रेघ संपवून किरण परत येतो तेव्हा काय करतो? यानं छातीठोकपणे सांगितलं, दुसरी रेघ ओढतो. समोरचे हसले आणि त्याला परत पाठवलं.

वर्गात उभं राहून त्यानं हे सगळं सांगितलं. मास्तरांनी वाद घातला नाही. पुस्तकातली आकृती उघडून बघितली. परतीची रेघ तिथं तुटक छापली होती. मास्तरांनी ती नुसती फिकट रेघ समजली होती. बराच वेळ तिच्याकडं बघून ते म्हणाले, “किरण माघारी येताना विझलेला असतोय. न्हायतर चित्रातल्या माणसाला दोन नाकं दिसतील की. मीच चुकीचं शिकवलं, तम्मा.” अंबादास निघून गेला.

पुढं मास्तर दुकान बंद ठेवून हिंडू लागले. शिकून गेलेल्या एकेकाच्या दारी. करकंब गावी उसाच्या शेतीत रमलेल्या एकासाठी एसटीनं जाऊन आले. माझ्याकडं आले तेव्हा मी गिऱ्हाईक करत होतो. “किरण माघारी रिकामा येतो. तेवढं दुरुस्त करून घ्या,” म्हणाले. काय बिघडलंय, असं साडी बघणाऱ्या बाईंनी विचारलं, तर काठावर बोट फिरवून त्यांनाही समजावलं. मला ओशाळल्यासारखं झालं. इथं टीव्ही आहे कुणाकडं, विचारणार तरी कोण, असं मी म्हणालो. “डोक्यात चुकीचं बसलेलं असताना बरोबर येऊन बसणार कुटं?” मास्तर म्हणाले.

अंबादासच्या घरी ते पुन्हापुन्हा गेले. तो मागावरून उठत नसे. मागाच्या खडखडाटात मास्तर दाराशी उभे राहत आणि परत येत. ते त्यांना फार लागलं होतं.

शेवटी त्यांनी पाटीवरचा ‘टेलिव्हिजन’ रंगानं बुजवला. बाईंनी रेडिओ उघडायचं कधीच शिकून घेतलं होतं. दुकान त्यांच्या हाती दिलं आणि ऐन पन्नाशीत मास्तर पुण्याला निघाले, एका दुरुस्तीच्या दुकानात हाताखालचा माणूस म्हणून. डोळ्यांनी बघितल्याशिवाय आता शिकवणार नाही, एवढंच म्हणाले. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. मला त्यांच्याविषयी इतका आदर कधी वाटला नव्हता, आणि ते जाणार याचं तितकंच वाईट वाटत होतं.

स्टेशनवर बाई आणि मी, दोघंच होतो. गाडी सुटायच्या बेतात असताना अंबादास आला. मास्तर उठून डब्याच्या दारात आले. मग खालमानेनं अंबादास म्हणाला, “मास्तर, तितं नीट समजलं की मला सांगायला या. मी अजून दुसऱ्या कुणाकडं शिकायला गेलो न्हाय.”

मास्तरांनी वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी हलली तरी तो हात तसाच होता, आणि अंबादास फलाटावरून गाडीबरोबर चालत होता.