वाघमारे सरांचा दुसरा गिअर

रोज एकाच किटलीतला चहा पिणाऱ्या माणसांना किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. त्या उन्हाळ्यात आमच्या नांदेडच्या कॉलेजात दुसरं काहीच साचत नव्हतं. नळ कधीतरी यायचा, आणि गप्पा फिरून फिरून वाघमारे सरांच्या गाडीवर यायच्या. सर इंजिनं शिकवायचे, मी पवार, त्यांच्या लॅबमध्ये इन्स्ट्रक्टर.

गाडी म्हणजे लाल, बुटकी, दोन सिटांची स्पोर्ट्स कार. हैदराबादच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरकडून सरांनी जुनी घेतलेली. ती पहिल्यांदा कॉलेजात आली तेव्हा गणिताच्या देशपांडे बाईंनी खिडकीतून बघितलं आणि विचारलं, "सर, बाकीची कधी येणार?"

*

आमचे हेडक्लार्क कादरी साहेब. वरच्या गिअरात पेट्रोल कमी लागतं, एवढं एकच त्यांना गाडीतलं ठाऊक. एकदा हट्टानं चालवायला बसले आणि वीसच्या स्पीडला चौथा टाकला. गाडी थरथरायला लागली. सर कळवळले.

"साहेब, हे म्हंजे पाठीवर पोतं देऊन माणसाला जिना चढायला लावणं झालं. खालचा गिअर घ्या. फेऱ्यांचा काटा तीन हजारावर येऊ द्या. आवाज होतो, पण इंजिनाला दम लागत न्हाई."

कादरी साहेबांनी गाडी बंदच केली. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "सर, माझी सगळी नोकरी अशीच चौथ्यात गेली. कुणी खालचा टाकला न्हाई."

*

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. सरांच्या मिसेस, सुमनताई, तिथल्या एका नव्या ऑफिसात बदलून गेल्या. जिल्हा आला होता, टेबलं यायची होती. फायली जमिनीवर, आणि टंचाईचे अर्ज घेऊन माणसं दारापासून रस्त्यापर्यंत.

शनिवारी सर पोचले की ताईंना गाडीत घालून गावातून एक चक्कर मारायचे. ताई बसल्या बसल्या झोपायच्या. म्हणून सर तिसराच ठेवायचे, गिअर बदलायचा धक्का नको.

एकदा चौकात गाडी थांबली. एक म्हातारा वाकला, आणि झोपलेल्या ताईंच्या मांडीवर त्यानं अर्ज ठेवला. पाण्याच्या टँकरचा. ताई दचकून उठल्या. म्हातारा म्हणाला, "बाई, तुमी एवढ्या खाली आल्या ते बरं झालं. हापिसात हात पोचत न्हाई."

*

देशपांडे बाईंची बहीण लातूरला. मे महिन्यात एकदा त्या सरांबरोबर निघाल्या. लोह्याच्या पुढं चढावर इंजिन तापायला लागलं. पाणी कुठं मागणार? सरांनी काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण सोडला. त्यानं इंजिनाची उष्णता आत येते, इंजिन वाचतं. पण हे सांगायचं राहून गेलं.

 पाच मिनिटांनी बाई पदरानं चेहरा पुसत म्हणाल्या, "सर, माझं काही चुकलं का?"

*

सरांचं गाव त्याच वाटेवर, अहमदपूरच्या अलीकडे, मेन रोडपासून आत. त्यांची माय तिथंच, खालच्या वस्तीत राहायची. सरांच्या वडलांच्या काळात वस्ती बौद्ध झाली, पण वरच्या आळीतल्या अण्णांच्या विहिरीचा दोर वस्तीच्या हाती कधी आला नव्हता. त्या साली वस्तीचा आड होळीआधीच आटला. पाणी उरलं ते अण्णांच्या विहिरीत. बाया घागरी घेऊन गेल्या की खाटेवरून अण्णा म्हणायचे, "उद्या या."

एका शनिवारी मी सरांबरोबर होतो. गावाकडं वळल्यावर रस्ता कच्चा, पण सपाट. सरांनी दुसरा टाकला आणि बदललाच नाही. काटा पाच हजारावर. इंजिन बोंबलून राहिलेलं.

"सर, तिसरा टाका."

"नको."

"गाडी उकळंल."

"हाव, उकळू दे," सर म्हणाले.

विहिरीच्या पुढं, बाभळीच्या पल्याड गाडी थांबली तेव्हा बॉनेटमधून वाफ निघत होती. अण्णा खाटेवरून उठले. "तापली का पुन्हा?" म्हणत त्यांनी स्वतः बादली शेंदून दिली. एवढी देखणी गाडी दारात उकळती कशी ठेवायची?

सर बादली घेऊन बाभळीमागं गेले. इंजिन निवल्यावर गाडीला एक तांब्या पुरला. बाकीचं पाणी वस्तीत गेलं. बादली रिकामी परत आली.

"लई पिते रे," अण्णा म्हणाले.

"परदेशी हाय, अण्णा."

त्या दिवशी गाडी अकरा बादल्या प्याली. बाभळीमागं माय वस्तीची एकेक घागर पुढं सरकवत होती. शेवटची भरली तेव्हा तिनं सरांच्या शर्टाला हात पुसले. म्हणाली, "तिला म्हणावं, सावकाश गार हो."

इंजिन उकळलं की त्याचं हेड गॅस्केट जळतं; सर ते दर महिन्याला का बदलतात, हे मला तेव्हा कळलं. स्टाफरूममध्ये मी कुणाला बोललो नाही.

पुढं दोन शनिवार मी पुन्हा गेलो. दुसऱ्या खेपेला विहिरीतून पाणी यायच्या आधी दोर बराच वेळ आत गेला. बादली वर आली ती अर्धी, आणि गढूळ. अण्णांनी ती काठावर ठेवली. सरांनी हात पुढं केला, पण अण्णांनी कडी सोडली नाही.

"आज गाडीला न्हाई पुरायचं. माणसांपुरतंच हाय."

सरांचा हात तसाच होता.

"कोणच्या माणसांपुरतं, अण्णा?"

अण्णांनी बाभळीमागच्या घागरींकडं बघितलं. मग बादली तिथंच काठावर ओतली, रिकामी दोराला बांधली, आणि दोर परत खाली सोडायला लागले. "उद्या या," म्हणाले.