मामांनी नापास केलेला दिवा

माझ्या बायकोचे मामा सोडले, तर मोटारीत शिरल्याबरोबर आधी वर बघणारा दुसरा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात नसावा. जुन्या गाडीचं बॉनेट, चाकं, बाकीचा सगळा थाट त्यांच्या लेखी फुकट. त्यांना फक्त छतातला छोटा दिवा बघायचा असतो. झाकणावरच्या रेघा मोजून ते गाडीचं साल सांगतात. आठ असल्या तर आधीची, नऊ असल्या तर नंतरची. झाकण स्क्रूचं की दाबून बसणारं, या विषयावर तर ते देवळाली कॅम्पपासून पंचवटीपर्यंत न थांबता बोलू शकतात. भाच्याच्या लग्नात नवरदेवासाठी कुणाची तरी जुनी गाडी सजवून आणली होती, आणि अक्षता वाटून झाल्या तरी मामांचा पत्ता नव्हता. सापडले ते त्याच गाडीच्या मागच्या सीटवर उताणे, पाय दाराबाहेर. स्वतःची गाडी त्यांनी कधी घेतली नाही. दिवे मात्र बिस्किटांच्या डब्यांत कापसात गुंडाळून ठेवलेले आहेत.

मीही काही कमी शहाणा नाही. बाबांच्या जुन्या गाडीतलं मला पेट्रोल कुठे भरतात एवढंच कळतं. तरी शहरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा अर्जावर 'सर्व भाग मूळचे' असं मी ठोकून दिलं. बाबा गेल्यावर निदान त्यांच्या गाडीला तरी एक बक्षीस मिळावं, असं मला फार वाटत होतं. मग शिक्कामोर्तब करायला मामांना बोलावलं. त्यांनी दार उघडलं, वर पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "जावईबापू, हा दिवा या गाडीचा नाही."

आमच्या खानदानावरच कुणीतरी शंका घेतल्यासारखं मला झालं. पण मामा तयारीनिशी आले होते. खरा दिवा त्यांच्या खिशातच होता. स्क्रूड्रायव्हर लावला आणि ते थबकले.

"याचा स्विच मागच्या बाजूला आहे. मूळचा ड्रायव्हरच्या हाताशी असतो. हा कुणीतरी मुद्दाम बसवलाय. मागे कोण बसायचं?"

मागे मी बसायचो. पावसाळ्यात आत्याकडे इगतपुरीला जाताना गाडी ढगात शिरली, की मी भोकाड पसरायचो. मग बाबा म्हणायचे, दिवा लाव, आणि मी हात वर करून लावायचो. तो स्विच माझ्यासाठी मागे आला होता, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी हे सांगितल्यावर मामांनी स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला. "चुकीचाच आहे," ते म्हणाले. "पण असू द्या." अशी सूट त्यांनी आजवर कुणालाही दिलेली नाही.

अर्जावर मी 'दिवा सोडून' असं लिहून आलो. बक्षीस अर्थातच दुसऱ्याच गाडीला मिळालं, आणि "लावलेत ना दिवे?" असं बायकोने विचारूनही घेतलं. मामांना कॅम्पातल्या त्यांच्या घरी सोडायला निघालो, तर ते पुढे न बसता मागे बसले आणि भर दुपारी त्यांनी तो दिवा लावला. बाबा हॉर्नपासून वायपरपर्यंत सगळ्याला 'बॅटरी उतरेल' म्हणून ओरडायचे. या दिव्याला मात्र कधी ओरडले नाहीत. कॅम्प येईपर्यंत तो तसाच चालू राहिला.