घट्ट पुंगळ्यांचे वेंडेलकाका

आमच्या ऑगस्टा गावात कुणाचं काडतूस बंदुकीत बसेनासं झालं की पहिलं नाव निघायचं ते वेंडेलकाका ब्रॅनम यांचं. मोंटानातलं डोंगराच्या पायथ्याचं गाव. घरटी दोन बंदुका, आणि काडतुसं बहुतेकांनी घरीच भरलेली. पितळी पुंगळी एकदा उडाली की फुगते. तिला डाय म्हणतात त्या पोलादी साच्यात दाबून मापात आणायची, मग नवी दारू, नवी गोळी. ऐकायला सोपं, पण अर्धं गाव त्या दाबण्यातच अडकायचं आणि मग काकांच्या गॅरेजच्या दाराशी यायचं.

काकांनी तीस वर्षं जिल्ह्याच्या रस्त्यांवर खडी सपाट करणारं यंत्र चालवलेलं. घाई त्यांना माहीतच नव्हती. कुणी साच्यात रुतलेली पुंगळी घेऊन आला की म्हणायचे, "तेल लावायला लाज वाटली का रे?" आठवड्याने तोच गडी पोचे पडलेल्या पुंगळ्या घेऊन यायचा. "लाव म्हटलं होतं. न्हाऊ घाल कुणी सांगितलं?" मोबदल्यात हकलबेरीचा जॅम नाहीतर एल्क हरणाचं सॉसेज. माप मात्र ते कुणाचं मन राखायला केसभरही खोटं सांगत नसत. पाद्रीबाबांना त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "या पाचही बुडाशी फाटायला आल्यात. प्रार्थनेने काही व्हायचं नाही, फेकून द्या."

ते गॅरेज आता पाडलं. पण कुणी मेणबत्ती विझवली की त्या वासाने मी अजून तिथेच जाऊन उभी राहते, आणि मला फार बरं वाटतं.

माझे बाबा, आर्विड स्कार, आणि काका एके काळी जिवलग होते. एकाच वर्षी, एकाच दुकानातून दोघांनी एकाच मापाच्या बंदुका घेतल्या. माप जरा वेगळं, .257 रॉबर्ट्स, आख्ख्या खोऱ्यात तेवढ्या दोनच. मग एका एल्कवरून बिनसलं. कुणाच्या गोळीने पडला, एवढाच प्रश्न. मी तेव्हा पोस्टात कामाला होते. अकरा वर्षं दोघे माझ्या खिडकीशी एकमेकांच्या मागे उभे राहिले, पण शब्द म्हणून बोलले नाहीत.

सत्त्याऐंशी साली बाबांना बिगहॉर्न या रानमेंढ्याच्या शिकारीचा परवाना लागला. तेवीस वर्षं ते दर उन्हाळ्यात सोडतीत नाव घालत होते. आता वय एकाहत्तर, गुडघे गेलेले. हा पहिला तसाच शेवटचा, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

हंगाम उघडायला चार दिवस उरले आणि बाबांनी भरलेल्या वीस काडतुसांपैकी एकावरही बंदुकीचा बोल्ट, म्हणजे मागची सरकती खिट्टी, बंद होईना. नेहमीच्या पुंगळ्या तडकल्या म्हणून त्यांनी शेडमधल्या जुन्या कॉफीच्या डब्यातल्या घेतल्या होत्या. डाय आणखी खाली घेऊन उरलेल्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा दाबून पाहिल्या, पण त्याही बसेनात. गावातल्या दुकानात हे माप मिळत नव्हतं. मागवायचं तर दोन आठवडे.

"वेंडेलकाकांकडे जाऊ या," मी म्हणाले.

"मेलो तरी नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तो स्वारी डबा मांडीवर घेऊन गाडीत बसलेली.

काकांनी गॅरेजचं दार उघडलं. बाबांकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"बसत नाहीत," बाबा म्हणाले.

"भरायच्या आधी एक घालून पाहिलीस?"

"चाळीस वर्षं भरतोय मी."

"म्हणजे नाही पाहिलीस."

काकांनी बाबांची भरलेली काडतुसं लांब सरकवली, दाबलेली पण रिकामी पुंगळी उचलली, मेणबत्तीवर फिरवून तिला काजळी धरवली. मग ती बाबांच्या बंदुकीत घातली, बोल्ट हलक्या हाताने रेटला आणि बाहेर काढली. जिथे घासतं तिथली काजळी पुसली जाते.

"खांद्याशी असणार," बाबा म्हणाले.

खांदा, म्हणजे पुंगळी तोंडाकडे निमुळती होते ती जागा, काळाभोर होता. काजळी पुसली होती ती पार खाली, बुडाच्या जरा वर, जिथवर डाय पोचतच नाही.

"आर्विड, ही तुझ्या बंदुकीत उडालेलीच नाही. हिला मागे ऐसपैस जागा मिळालेली आहे." काका घरात गेले, आपली बंदूक घेऊन आले आणि तीच पुंगळी तिच्यात सोडली. बोल्ट आवाज न करता मिटला.

दोघांच्या त्या शेवटच्या, एल्कच्या शिकारीत काकांच्या पुंगळ्या बाबांच्या डब्यात पडल्या होत्या. त्या दिवसापासून बाबांनी तो डबा उघडला नव्हता, आणि टाकलाही नव्हता.

"बुडाशी दाबणारा डाय नाही का?" मी विचारलं.

"या मापाचा नाही." काकांनी बंदूक बाबांपुढे धरली. "ही घेऊन जा."

"हिचा स्वभाव मला ठाऊक नाही."

"मला आहे. मी येतो बरोबर, पण पिकअप मी चालवणार. तू गाडी चालवतोस की नांगर, कळत नाही."

म्हातारे सहा दिवस डोंगरात होते. पाचव्या दिवशी दोनशे पावलांवर मेंढा आडवा उभा राहिला, पुतळ्यासारखा. बाबांनी गोळी झाडली. दगडाची कपची उडाली आणि मेंढा कड्यापलीकडे गेला तो गेलाच. मग बर्फ पडला. घरी येऊन बूट काढताना बाबा एवढंच म्हणाले, "चुकली."

त्यानंतर नऊ वर्षं काका रोज सकाळी आमच्या टेबलावर कॉफीला.

"तुझी बंदूकच वाकडी."

"बंदूक सरळ आहे. चाप ओढणारा वाकडा."

मी भाजलेला पाव वाढत ऐकायची. त्या भांडणाइतकं गोड मी पुढे काही ऐकलं नाही. पण काका उठून गेले की बाबा कधी कधी म्हणायचे, "आडवा उभा होता गं. आणि मी चुकलो." असं म्हणाले की दिवसभर खिडकीतून डोंगराकडे बघत बसायचे.

शहाण्णवच्या वसंतात बाबांनी अंथरूण धरलं. एका दुपारी काका बराच वेळ उशाशी बसले आणि मग एकदम म्हणाले, "आर्विड, ती बंदूक डावीकडे मारते. चांगली वीतभर. मला ठाऊक होतं. तुला सांगायचं राहून गेलं."

बाबांनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "गाढवा," ते म्हणाले, आणि हसले. नंतरचे तीन दिवस भेटायला येईल त्याला बाबांनी तीच गोष्ट सांगितली. चौथ्या दिवशी शांतपणे गेले.

दोन वर्षांनी काकाही गेले. बंदूक त्यांनी माझ्या नावे ठेवली होती. दुर्बीण हलू नये म्हणून तिच्या स्क्रूंवर काकांच्या बायकोच्या, मेव्हिसकाकूंच्या, लाल नेलपॉलिशचे थेंब दिलेले होते. काकू ब्याऐंशी साली वारल्या. थेंब तडकलेले नव्हते, म्हणजे तेव्हापासून त्या स्क्रूंना कुणी हात लावला नव्हता.

मी ती खडीच्या जुन्या खाणीत नेली, दोनशे पावलांवर कागद लावला आणि तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोकं मधोमध होती, कॉफीच्या कपाखाली झाकली जातील इतकी जवळ. मी तो कागद हातात धरून रडत बसले. मग त्याची घडी केली आणि खिशात ठेवली. आजवर कुणाला दाखवलेला नाही.