खसखशीएवढ्या पार्टासाठी नंदुरबार

नाशिकहून सकाळची पहिली एसटी धरली तेव्हा माझ्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं एक मयत होतं. चपटं, राखाडी, गार. बायकोचा लॅपटॉप. खुनी मीच.

लॅपटॉप उघडून बघणं हा माझा छंद. काही लोक पक्षी बघतात, मी मदरबोर्ड बघतो. जुन्या बाजारातून आणलेले लॅपटॉप घरात इतके साठलेत की पाहुण्यांना उशाला तेच देतो. सुनंदाच्या लॅपटॉपचा पंखा जरा घरघरत होता. ती बहिणीकडे गेली आणि मला राहवलं नाही. बॅटरी न सोडवताच स्क्रू ड्रायव्हर घातला, तो निसटला, काजव्याएवढी ठिणगी उडाली आणि द्राक्षबागांतल्या मजूर बायकांवरचा तिचा चार वर्षांचा प्रबंध अंधारात गेला. त्या मॉडेलात साठवणीची चिप बोर्डावरच डकवलेली असते, बोर्ड जगला तरच प्रबंध जगतो. बॅकअप होता. पण ती डिस्क मी गेल्याच महिन्यात पुसून तिच्यावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम चालवून पाहिली होती. प्रबंध सोमवारी सादर करायचा, सुनंदा रविवारी परतणार, आणि आज शनिवार.

नाशकातल्या तीन दुकानांनी सांगितलं, बोर्ड बदला, आतलं विसरा. मग जुन्या वस्तूंच्या ॲपवर तस्साच लॅपटॉप दिसला: स्क्रीन फुटलेला, पार्ट्ससाठी, नंदुरबार. फोन केला तर पलीकडचा म्हातारा आवाज म्हणाला, "दोन्ही सोबत ठिवानं. ये." (दोन्ही शेजारी ठेवून बघू.)

साक्रीला शेजारी एक टोपीवाले बाबा बसले. टॉवेलाकडे बघून म्हणाले, "काय शे भाऊ?" (काय आहे?)

"लॅपटॉप. अजून एक घ्यायला नंदुरबारला चाललोय."

"लोके नंदुरबारले मिरच्या लेवाले येतस," बाबांनी मला खालून वर न्याहाळलं. "तू लॅपटॉप लेवाले चालना?"

शहर जवळ आलं आणि बाबांचं म्हणणं खिडकीतून दिसलं. रस्त्याकडेला शेतंच्या शेतं लाल. मिरची वाळत घातलेली, क्षितिजापर्यंत. एसटीतले छप्पन्न प्रवासी एका सुरात शिंकले. ड्रायव्हर शिंकला तेव्हा गाडी एक फूट पुढे सरकली, हे मी शपथेवर सांगतो.

फोनवरचा तो आवाज यूसुफचाचांचा. त्यांचं दुकान म्हणजे घराची पुढली खोली. वडील घड्याळं दुरुस्त करायचे, चाचा रेडिओवरून लॅपटॉपवर आले. डोळ्याला घड्याळजीचं भिंग. त्यांनी माझा बोर्ड बघितला आणि भिंग न काढताच विचारलं, "हाई कोनी उघाडं?"

"एका मेकॅनिकनं," मी म्हणालो.

"त्याले सांग, तुन्हा हात शे का पहार शे?"

मी सांगेन म्हणालो.

घरी मी बोर्डाला हात लावताना मनगटाला वीज उतरवणारा पट्टा बांधतो. चाचांनी माझा बोर्ड जेवणाच्या थाळीत ठेवला, त्यावर थिनर ओतलं, जुन्या टूथब्रशनं भांड्यासारखा घासला आणि गच्चीत वाळत घातला. मिरच्यांच्या शेजारी.

मग फुटक्या स्क्रीनचा लॅपटॉप उघडला. तो मिरचीच्या व्यापाऱ्याच्या गादीवरचा. आतून अर्धा किलो तिखट निघालं, पंखा तर नुसता मसाल्याचा डबा. चाचांनी गरम हवेनं त्या बोर्डावरचा एक फ्यूज सुटा केला. खसखशीच्या दाण्याएवढा. माझा जळाला होता तो हाच. चिमट्यात धरून त्यांनी तो माझ्या डोळ्यांसमोर आणला, "देख," म्हणाले, आणि मी शिंकलो.

फ्यूज गेला.

"कोनी हालानं नही," चाचा पुटपुटले. पंखा बंद. दार बंद. चाचांची बायको हलीमाखाला आतून मैद्याची चाळणी घेऊन आल्या. त्यांच्या सासऱ्यांच्या काळापासून घड्याळाचे स्क्रू असेच शोधत. फरशीवरची सगळी धूळ मऊ ब्रशनं पांढऱ्या चादरीवर घेतली, चाळली, पुन्हा चाळली. निघालं काय, तर मिरचीचं बी, रेडिओचा काटा आणि खालांची हरवलेली नथणी. नथणी सापडल्याचा आनंद झाला, पण मला रडू येत होतं. चार वर्षं सुनंदा बागाबागांतून हिंडली होती.

तासाभरानं खाला माझ्याकडे एकटक बघायला लागल्या.

"याना मिशीमा शे," त्या म्हणाल्या. (याच्या मिशीत आहे.)

चाचांनी चिमटा माझ्या नाकाखाली घातला. मी तीन मिनिटं श्वास घेतला नाही. फ्यूज निघाला, माझ्या वाळलेल्या बोर्डावर बसला. आता बटण दाबणार, तोच त्यांनी लॅपटॉप मिटून फळीवर ठेवला. "पहिले जेवण."

खालांनी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि झणझणीत मटण वाढलं. मी विचारलं, जेवण आधी का? चाचा शांतपणे म्हणाले, वाईट बातमी उपाशीपोटी देऊ नये, अब्बांचा नियम. मी पहिला घास हातातच धरून विचारलं,

"चांगली असली तर?"

"ते जेवण काय वाया जात नही."

हात धुऊन चाचांनी बटण दाबलं. काळं. काळंच. मग कोपऱ्यात निळा ठिपका, मग सुनंदानं ठेवलेलं द्राक्षांच्या घडाचं चित्र. मी प्रबंध उघडला. सगळा होता. पहिलंच पान ऋणनिर्देशाचं.

"काय लिखेल शे? वाच ना."

मी वाचलं. मार्गदर्शक, मजूर बायका, बहीण. मग शेवटची ओळ. "आणि माझे पती, ज्यांनी चार वर्षं या लॅपटॉपला हात लावण्याचा मोह आवरला, त्यांचे विशेष आभार."

खाला पदराआड हसल्या. चाचांनी भिंग काढलं. "मेकॅनिक नव्हता ना कोनी."

"नाही चाचा."

"घर जाईसन सांग तिले."

परतीच्या एसटीत मी टॉवेल दोन्ही हातांनी धरून बसलो. आजवर शेकडो यंत्रं उघडली, पण कुठल्या यंत्रात कुणाचं काय ठेवलेलं असतं, याचा विचार कधी केला नव्हता.

रविवारी सुनंदाला सगळं सांगितलं, मिशीसकट. तिनं फाइल उघडली, शेवटची ओळ पुसली आणि लिहिलं: नंदुरबारचे यूसुफचाचा आणि हलीमाखाला, ज्यांना मी अजून भेटले नाही.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू प्रिंट काढून आण," ती म्हणाली. "दुकानातून. घरच्या प्रिंटरला हात लावू नकोस."