टेसीच्या हाताचं माप

टेसी व्होंड्रा उभी राहिली की माझ्या खांद्याला लागायची, आणि मीही काही उंच नाही. पंधरा वर्षं तिने डोरनच्या शाळेत तीनशे मुलांचं दुपारचं जेवण रांधलं. वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर बादली उलटी घालून तीवर चढायची. १९९४ च्या मे महिन्यात आमची शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन झाली आणि त्या स्वयंपाकघराला कुलूप लागलं.

तिचा नवरा मायलो धान्याच्या कोठारावरून पडला तेव्हापासून कमरेने अधू होता. त्याच्या औषधपाण्याचा विमा टेसीच्या नोकरीवर चालायचा, आणि आता शाळा तो ऑक्टोबरअखेरपर्यंतच भरणार होती. नेब्रास्काच्या आमच्या कोपऱ्यात विमा देणाऱ्या नोकऱ्या तीनच ठिकाणी : शाळा, इस्पितळ आणि काउंटी, म्हणजे जिल्ह्याची कचेरी. काउंटीच्या तुरुंगात पहारेकरणीची जागा निघाली. काउंटीच्या पोलीसप्रमुखाने, शेरीफने, टेसीला पसंतही केलं. मात्र पिस्तुलाच्या परीक्षेत उतरायची अट होती. पन्नास गोळ्या झाडायच्या, त्यातल्या पस्तीस कागदावरच्या रेषेच्या आत पडल्या पाहिजेत, आणि संधी दोनच. तुरुंगाच्या आत पिस्तूल कुणीच नेत नाही, कैद्याला कोर्टात नेताना तेवढं लागतं. पण नियम म्हणजे नियम.

"तीनशे पोरं रांगेत उभी केलीत मी," टेसी म्हणाली. "हातात नुसता डाव असायचा."

"मग शेरीफला सांग, डावाची परीक्षा घे म्हणावं," मायलो खुर्चीतून म्हणाला.

मायलोचा थोरला भाऊ एमिल शेरीफच्या हाताखाली डेप्युटी होता. नेमबाजीच्या परीक्षाही तोच घ्यायचा. त्याची बायको आर्डिथ दोन वर्षांपूर्वी वारली होती. एके रविवारी चर्चनंतर तो टेसीकडे आला आणि ताटपुसण्यात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं. आत आर्डिथचं रिव्हॉल्व्हर होतं. पाच गोळ्यांचं, आखूड नळीचं, मुठीत मावेल एवढं आणि अगदी हलकं.

"तुझा हात तिच्यासारखाच आहे," एमिल म्हणाला. "दुसऱ्या कुणाला दिलं नसतं."

टेसीच्या डोळ्यांत पाणी आलं. गावात ज्याने त्याने ते पाहून मान डोलावली. लहान चणीच्या बाईला लहान पिस्तूल, यात वावगं कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

एमिलच्या कुरणामागे जुनी खडीची खाण होती. तिथे ती सरावाला जायची आणि मला बरोबर न्यायची. "मिसेस डॉक, तुम्ही रोजचा पारासुद्धा लिहून ठेवता. माझ्या गोळ्या लिहा," ती म्हणाली. मी डॉक्टरांची बायको, म्हणून गावाला मी मिसेस डॉक. कागदावर काढलेल्या वर्तुळात कुठली गोळी कुठे लागली ते मी वहीत ठिपक्यांनी मांडू लागले. ३१ ऑगस्ट : पंचवीसपैकी अकरा. २ सप्टेंबर : नऊ. ७ सप्टेंबर : आठ. अंगठा आणि बोटामधली कातडी फुटली, तिने चिकटपट्टी लावली. सगळे ठिपके खाली डावीकडे सरकत चालले होते. मी ते इमानाने लिहीत होते, अर्थ मात्र मला लागत नव्हता.

वीस सप्टेंबरला पहिली परीक्षा झाली. पन्नासातल्या एकवीस.

"मनगटात जोर नाही तुझ्या," एमिल म्हणाला. "आणखी घट्ट धर."

दुसऱ्या दिवशी गेले तर ओव्हनचं दार उखडून अंगणात घासत बसली होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी खिडक्या. शुक्रवारी तिने स्वयंपाकघराच्या भिंतीला अर्धा हात रंग दिला आणि तसाच सोडला. बसली तरी एका गुडघ्याचं हलणं थांबायचं नाही. अठरा ऑक्टोबरची दुसरी संधी गेली की विमा संपला. मायलो औषधाच्या गोळ्या अर्ध्या करून घेऊ लागला होता, आणि ते तिला कळत नाही असं त्याला वाटत होतं.

मी वही घेऊन शेजारच्या गावी ओपल लिंडग्रेनच्या दुकानात गेले. पुढे खिळे-बिजागऱ्या, मागच्या फळीवर बंदुका. नवरा गेल्यापासून ती एकटीच चालवायची. तिने पानं उलटली.

"ही बाई दचकते आहे. बार व्हायच्या आधीच. काय देऊन बसलेत तिला?"

मी सांगितलं, अर्ध्या रंगवलेल्या भिंतीसकट.

"पाखराएवढं हलकं? मग सगळा झटका हातात जाणार, दुसरा कुठे जाईल? उद्या घेऊन या तिला. आणि रंगाचे हात धुवून ये म्हणावं, तुमच्या बाहीला लागलाय."

दुसऱ्या दिवशी ओपलने पाच पिस्तुलं रिकामी असल्याची खात्री करून काउंटरवर मांडली. टेसीने सवयीने सगळ्यांत छोटं उचललं.

"ठेव ते. छोटं पिस्तूल छोट्या खिशासाठी असतं. तुला खिशात घालायचंय की नेम धरायचाय?"

"पण माझा हात बघा ना."

"तोच बघतेय. हे घे." तिने डेप्युटी वापरतात तसलं नवं, जाड मुठीचं पिस्तूल दिलं. चापापर्यंत जेमतेम नख पोचलं, आणि पोचवण्यासाठी टेसीने सगळा पंजा फिरवला.

"बघ. नळी तुझ्या हाताच्या हाडाच्या रेषेत राहिली नाही. झटका सगळा अंगठ्यावर येणार. ठेव."

चौथं होतं नऊ मिलिमीटरचं, जुनं, पोलादी. चांगलंच जड, पण मूठ बारीक. टेसीने धरलं. नळी सरळ राहिली, बोटाचं पेर चापावर नीट टेकलं.

"हे तर गाडीच्या जॅकएवढं जड आहे."

"जड आहे म्हणून झटका तेच खाईल. पन्नास माणसांच्या पातेल्याला तुझे हात कधी थरथरले? आता वरचा भाग मागे कर."

टेसीने चिमटीत धरून ओढलं. हललं नाही. तिचा चेहरा उतरला.

"ओढू नकोस. छातीजवळ आण, नळी समोर भिंतीकडेच. डाव्या पंजाने वरचा भाग घट्ट धर आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकल. अडकलेला ड्रॉवर बंद करतेस तशी."

खटकन मागे गेलं. टेसीने पुन्हा केलं. मग आणखी सहा वेळा.

"पुरे, बाई," ओपल म्हणाली. "माझ्या दुकानाचा ड्रॉवर झिजेल."

ते पिस्तूल काउंटीच्या नियमात बसत होतं, टेसीने ते घेतलं. पण परतताना टेसी गाडीत सारखी दाराच्या खटक्याशी चाळा करत होती.

"एमिलला काय सांगू? त्याने आर्डिथचं दिलंय. आणि कागदावरची भोकं मोजणारही तोच."

त्याच संध्याकाळी तिने ते ताटपुसणं उचललं आणि त्याच्याकडे गेली. मी फाटकाशी थांबले. अंगणातलं बोलणं ऐकू येत होतं.

"आर्डिथला चाललं ते," एमिल म्हणाला.

"तिने कधी उडवलं होतं, एमिल?"



"गाडीच्या खणात असायचं. अकरा वर्षं."

"उडवलं होतं का?"

"नाही." त्याने ताटपुसणं घेतलं आणि घडी पुन्हा नीट केली. "तुला जे जमेल ते आण. मी कागद बघतो, माणसं नाही."

तीन आठवड्यांच्या सरावानंतर अठरा तारीख आली. थंडी होती, वारा वायव्येचा. शेरीफ कॉफीचा पेला घेऊन उभा होता. टेसीने कानांवर टोपणं चढवली, पाय रोवले. मी वही उघडली नाही, बोटं वाकत नव्हती. पन्नास बार संपले तेव्हा एमिल कागदापाशी गेला. चौतीस भोकं रेषेच्या स्पष्ट आत होती. एक रेषेवर. भोक रेषेला शिवलं तर आत धरायचं, असा नियम.

एमिलने वाचायचा चष्मा काढला, पुसला, लावला. वाकला. इतका वेळ वाकलेला राहिला की शेरीफने पेल्यातली गार झालेली कॉफी जमिनीवर ओतली.

"शिवलंय," एमिल म्हणाला आणि पस्तीस लिहिले.

"नीट बघितलंस?" टेसीने विचारलं. "उपकार नकोत मला."

"उपकार करायचे असते तर छत्तीस लिहिले असते."

शेरीफने सही केली. "सोमवारी सातला या. पुढच्या ऑक्टोबरात हीच परीक्षा पुन्हा."

"दरवर्षी?"

"दरवर्षी, मॅडम."

टेसी खाली वाकून रिकामी काडतुसं वेचू लागली होती. तिला ती वेचायची गरज नव्हती. ओंजळ भरली तशी तिने मान वर केली.

"एमिल, शनिवारी खाणीत येऊ का?"

"ये," तो म्हणाला. "जरा लवकर ये. दुपारी वारा सुटतो."